पावसाळ्यातली परसबाग : कणकुंबीचा अनुभव

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्ही दोघं मिळून बोलणार आहोत. म्हणजे माईक एकाच्या हातात आणि दुरुस्त्या दुसऱ्याच्या. पस्तीस वर्षांच्या संसारात हीच पद्धत चालत आली आहे, त्यामुळे आज बदलण्याचं कारण नाही.

तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकानं कणकुंबी पाहिलेलं आहे, पण गाडीच्या काचेतून. बेळगावातून गोव्याला निघालात, जांबोटी मागं पडलं, झाडी दाट झाली, आणि चोर्ला घाट लागण्याआधी धुक्यात एक गाव येतं. तिथं बहुतेक जण चहाला थांबतात, ‘काय पाऊस आहे हो!’ असं म्हणतात आणि पुढं जातात. त्याच गावात आमचं वडिलार्जित घर आणि घरामागं दहा गुंठ्यांचं परडं आहे. नोकरीतून मोकळे झाल्यावर २०१६ साली आम्ही तिथं राहायला गेलो.

गाव लहान असलं तरी जागा मोठी मजेशीर आहे. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाते, खानापूरवरून सौंदत्तीच्या नवीलतीर्थ धरणात, आणि पुढं बागलकोट जिल्ह्यात कृष्णेला मिळते. म्हणजे ते पाणी बंगालच्या उपसागरात. आणि त्याच गावातून निघणारा कळसा नाला पश्चिमेला उतरून म्हादईला मिळतो, म्हणजे ते पाणी अरबी समुद्रात. पागोळीचे दोन थेंब शेजारी शेजारी पडावेत आणि त्यांनी दोन समुद्र गाठावेत, असा प्रकार. कळसा म्हटलं की पाणीवाटपाचा वाद आठवतो, पण त्यावर आम्ही आज बोलणार नाही. गणपतीत भांडणं नकोत.

आता पावसाचा हिशेब. बेळगाव शहरात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे चार-पाच हजार मिलिमीटर पडला तरी कुणाला नवल वाटत नाही. हा आकडा पेपरात वाचताना डोळ्यांसमोर काही येत नाही. म्हणून असं बघा : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा गुंठे म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि जुलैत तो होतोच, तर आमच्या परड्यावर एक लाख लिटर पाणी ओतलं गेलं. दहा हजार लिटरचे दहा टँकर, एका दिवसात, एका उतारावर. आणि मोठा थेंब जमिनीवर आदळतो तो ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगानं. मोकळ्या मातीवर हा मार चार महिने बसतो.

हे सगळं आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. शहरातून आलेल्या माणसाला उतार म्हणजे गैरसोय वाटते. आम्हाला बाग हवी होती, बाग म्हणजे सपाट जागा, सरळ वाफे, मधून फरशीची वाट. २०१७च्या मे महिन्यात आम्ही जेसीबी बोलावला. एका दिवसात झुडपं, गवत, जुने दगडी बांध, सगळं साफ. संध्याकाळी तांबडीलाल मोकळी जमीन बघून आम्हाला केवढं समाधान वाटलं! फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. ते फोटो अजून आहेत, कुणाला दाखवत नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तो थांबलाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी परड्यात गेलो तर घोट्याएवढ्या घळी पडलेल्या. लावलेली रोपं कुठं गेली पत्ता नाही. आणि वरची भुसभुशीत माती जाऊन खाली जांभ्याचे खडे उघडे पडलेले, तोंडातून दात दिसावेत तसे. आम्ही हळहळत उभे होतो, तेवढ्यात खालच्या घरची आजी आली. तिचं भातखाचर आमच्या उताराच्या बरोबर खाली. तिथं तिनं तरवा टाकला होता. आमची सगळी माती त्या तरव्यावर जाऊन बसली होती. वीतभर वाढलेली भाताची रोपं चिखलाखाली.

आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. नुकसानभरपाई किती द्यायची, याचा विचारही मनात चालू झाला. आजी म्हणाली, ‘‘तुमची माती माझ्या तरव्यात आलीय की. न्या तुमची तुम्ही.’’ आणि आत निघून गेली.

आम्ही पैसे देऊ केले, ते तिनं घेतले नाहीत. गडी लावतो म्हटलं, तर म्हणाली, गडी कशाला, तुम्ही दोघं आहात की. मग भर पावसात, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन, आम्ही तीन दिवस पाट्यांनी चिखल उचलून वर नेला. पायाला जळवा लागत होत्या. रोपं निम्मीसुद्धा वाचली नाहीत, तिला नात्यातून तरवा मागून आणावा लागला. आमचं बागकामाचं शिक्षण तिथं सुरू झालं. त्या तीन दिवसांत पाटीत किती माती मावते आणि एका रात्रीत किती जाते, हे खांद्याला कळलं.

हल्ली या विषयाला रिजनरेटिव्ह गार्डनिंग म्हणतात, मराठीत कुणी पुनरुज्जीवी बागकाम म्हणतं. शब्द भारदस्त आहेत. आमच्यापुरता त्याचा अर्थ एवढाच, की गेलेली माती परत आणायची आणि असलेली जाऊ द्यायची नाही.

आता या टेबलाकडे बघा. इथं दोन ट्रे ठेवले आहेत, दोन्हींत आमच्याच परड्यातली माती, सारखाच उतार. एकात माती उघडी आहे, दुसऱ्यात तिच्यावर चार बोटं पालापाचोळा. दोन्हींवर एकेक झारी पाणी घालतो. उघड्या मातीखालच्या ग्लासात काय पडलं बघा, चहासारखं लालभडक. दुसऱ्या ग्लासात उशिरा पडलं, कमी पडलं आणि जवळजवळ नितळ. एवढंच आमचं शास्त्र. बाकीचं भाषण म्हणजे याचीच टीप.

भाताच्या लावणीला बाया डोक्यावरून पाठीपर्यंत इरलं घेतात. खाली वाकून हात मोकळे आणि पाठीवर पाऊस वाजत राहतो. मातीला इरलं घालायचं. पाला, वाळलेलं गवत, भाताचा पेंढा, नारळाच्या झावळ्या, काहीही. पण कुठला पाला कुठं, हे शिकायला आम्हाला दोन वर्षं लागली. काजूचा आणि फणसाचा पाला लवकर कुजत नाही, तो पावसाळ्यात वरचं पांघरूण म्हणून उत्तम. गिरिपुष्पाचा पाला, त्याला उंदीरमारी म्हणतात तो, पंधरा-वीस दिवसांत विरघळून जातो, पण त्यात नत्र भरपूर. म्हणून खाली गिरिपुष्प, वर काजू-फणस. गिरिपुष्पाच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीला कुंपणाला नुसत्या खोचल्या तरी जगतात. आम्ही कुंपण असं लावलं आणि आता दरवर्षी तेच छाटतो. जंगलातून पाला आणत नाही. आमच्या आसपास भीमगडचं अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं, आणि तसंही जंगलाचं इरलं काढून आपल्या बागेला घालण्यात काय अर्थ?

पण नुसत्या पाल्यानं भागत नाही. पाणी जोरात वाहू लागलं की पाल्यासकट सगळं घेऊन जातं. पहिल्या वर्षी पाला घातला तोही आजीच्या खाचरात गेला. (या वेळी ती हसली.) पाण्याला आधी चालायला शिकवावं लागतं. त्यासाठी आम्ही एक खेळणं केलं : बांबूच्या तीन काठ्या बांधून इंग्रजी ‘ए’ अक्षराचा आकार, वरून सुतळीला बांधलेला दगड. म्हणजे गवंड्याचा ओळंबाच. सुतळी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर. असं पाऊल पाऊल टाकत उतारावर आडवी समपातळीची रेघ मारली, त्या रेघेवर दीड फुटी चर खणला आणि निघालेली माती खालच्या बाजूला बांध म्हणून टाकली. बांधावर वाळा आणि गवती चहा. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात, बांध धरून ठेवतात. असे चार चर काढले. गंमत म्हणजे तिसऱ्या चराची रेघ जिथं आली, तिथंच जेसीबीनं उखडलेल्या जुन्या बांधाचे पायाचे दगड सापडले. आमच्या आजोबांनी ओळंबा न लावताच ती रेघ ओळखली होती.

भाज्या मग गादीवाफ्यांवर. आलं-हळद तर उंच वाफ्याशिवाय लावूच नये, पाणी साचलं की कंद कुजतो आणि एक कुजला की शेजारचे जातात. अळू उलट, त्याला सांडपाण्याची ओली जागाच आवडते. तवसं, दोडकी, पडवळ, कारली यांना मांडव. मांडवाचा दुहेरी फायदा असा, की वेल पसरला की खालच्या मातीवर थेंब थेट आदळत नाही. सुरण, कोनफळ आपापलं बघून घेतात, त्यांच्यावर फार बोलण्यासारखं नाही.

वेळ मात्र चुकवायची नाही. बेळगावकरांना वळीव माहीत आहे. एप्रिल-मेमधला तो पहिला गडगडाटी पाऊस आला, की रिकाम्या जागेत आम्ही ताग आणि चवळी फेकतो. जूनच्या मध्यावर मोठा पाऊस येईपर्यंत त्याची मुळं मातीत गुंफलेली असतात. ताग फुलावर यायच्या आत कापायचा आणि तिथंच आडवा पाडायचा. मुळं उपटायची नाहीत. मुळं आत कुजली की त्यांच्या जागी नळ्या तयार होतात, पाणी त्यातून खाली जातं.

आमची माती जांभ्याची. इतका पाऊस वर्षानुवर्षं पडल्यावर चुना, पालाश, सगळं धुऊन खाली जातं आणि माती आंबट होते. लोह उरतं, म्हणून ती तांबडी दिसते. इथं रासायनिक खत टाकलं तर निम्मं पावसाबरोबर वाहून जातं. दुकानातून गोणी आणायची आणि मलप्रभेला वाहायची. त्यापेक्षा चुलीची राख आणि कुजलेलं शेण, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा.

राखेवरून राबाचा विषय निघतो. आमच्या भागात तरव्याच्या जागेवर पाला-शेण पसरून भाजायची जुनी रीत आहे. पुस्तकं वाचून आम्ही आजीला सांगायला गेलो, की राब भाजू नये, सेंद्रिय कर्ब जळतो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग तणाचं बी कोण मारणार, तुम्ही?’’ ती चुकत नव्हती. भाजल्यानं वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, आणि राखेनं आंबट मातीला चुना-पालाश मिळतो. चार महिन्यांच्या धो धो पावसात तरव्यातलं तण काढणं ही चेष्टा नाही. तरीही परड्यात आम्ही भाजत नाही, कारण तिथं पांघरुणाखाली तण मुळातच कमी येतं आणि आम्हाला कर्ब हवा असतो. पण राब भाजणाऱ्याला अडाणी म्हणणं आम्ही सोडून दिलं. शेजारी जेसीबी लावणारे आम्हीच होतो.

पुस्तकांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मराठीत या विषयाला फार थोर माणसं लाभली आहेत. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, त्यांचा प्रयोग परिवार आणि ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक. एका कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, हे गणित त्यांनी सूर्यप्रकाश आणि पानाचं क्षेत्रफळ यांच्यावरून मांडलं. आमचं परडं नेमकं दहा गुंठे, म्हणून ते पुस्तक आम्हाला आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं. कोल्हापूरच्याच प्रताप चिपळूणकरांनी नांगरणीशिवाय शेती करून दाखवली. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं आणि परसबाग घरोघर नेली, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. जपानच्या फुकुओकांचं ‘एका काडातून क्रांती’ मराठीत आहेच. वाचा, पण एक लक्षात ठेवा, यातलं कुठलंही पुस्तक पाच हजार मिलिमीटर पावसात बसून लिहिलेलं नाही. उदाहरणार्थ, इतकं जाड पांघरूण घातलं की गोगलगायी येतात. पुस्तकात राख पसरा म्हणतात. आमच्याकडे राख पाच मिनिटांत वाहून जाते. शेवटी रात्री बॅटरी घेऊन वेचणं आणि ओलं गोणपाट पसरून सकाळी त्याखालच्या उचलणं, हाच उपाय ठरला. पहिल्या वर्षी बादल्या भरल्या. कोवळ्या रोपांभोवती आता आम्ही हातभर जागा मोकळी ठेवतो, रोप दांडगं झालं की मगच पाला सरकवतो. वानर आणि रानडुकरांवर आमच्याकडे उपाय नाही. ती आपला वाटा नेतात.

आमची मुलगी अमेरिकेत सिएटलजवळ असते. तिकडे पाऊस हिवाळ्यात, ऑक्टोबर ते मार्च, थंडीत भिजत. ती म्हणायची, आई-बाबा, इथं एवढा पाऊस, बाग कशी करू? आकडा काढला तर तिथला वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे बेळगावपेक्षाही कमी! पण तो महिनोन्‌महिने झिरपत राहतो आणि उघडी माती तिथंही धुतली जाते. तिथले लोक हिवाळ्याआधी रिकाम्या वाफ्यात राय, क्लोव्हर किंवा बाकला पेरून ठेवतात. आमच्या ताग-चवळीची ती थंडीतली भावंडं. तिनं मागच्या अंगणात तेच केलं.

आपल्याकडचा हिवाळा कोरडा, पण कणकुंबीचा नवरात्रापर्यंत ओलाच असतो, आणि पुढं धुकं आणि दव. चरांत मुरलेलं पाणी तेव्हा कामाला येतं. दसऱ्याला झेंडू निघाला, की त्या जागी वाल, लाल माठ, मुळा, मोहरी. पहिल्या दोन वर्षांत डिसेंबरातच पाइप लावावा लागायचा. आता संक्रांतीपर्यंत वरून पाणी न देता वाल उभा असतो. आमच्या दृष्टीनं माती सुधारल्याचा खरा दाखला हा.

दुसरा दाखला ऑगस्ट २०१९चा. तो पूर तुम्हाला आठवत असेल. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सगळीकडे हाहाकार होता. मलप्रभेचं पाणी पार पट्टदकलच्या देवळांपर्यंत गेलं होतं. आमच्याकडे वीज नव्हती, फोन नव्हता. आम्ही रात्रभर जागे होतो, आणि खरं सांगायचं तर भीती घराची नव्हती, आजीच्या खाचराची होती. उजाडल्यावर कंदील घेऊन खाली गेलो. वरचे दोन चर काठोकाठ भरले होते, एका ठिकाणी बांध फुटून दोन पाट्या माती सरकली होती. तिसऱ्या चरानं ती अडवली होती. आजोबांच्या दगडांनी. खाचराच्या वरच्या मोरीतून येणारं पाणी गढूळ होतं, पण लाल नव्हतं. आजी पडवीत बसून बघत होती. काही बोलली नाही. दुपारी तिच्याकडून तवशाचं एक मोठं फळ आलं, बियाला राखलेलं.

ते तवसं तिच्या माहेरचं. लांबट, पिकल्यावर तपकिरी जाळी येणारं, किसून गूळ घालून त्याचं धोंडस करतात ते. आम्ही त्याचं बी धरलं. दरवर्षी धरतो. २०२१ साली तिच्याकडचं बी उंदरांनी खाल्लं, तेव्हा आमच्याकडून परत तिच्याकडे गेलं. आता आजी नाही. तिची मुलं गोव्यात कामाला आहेत, घर बहुतेक बंद असतं, खाचर दोन वर्षं पडीक आहे. आम्ही तिच्या बांधावरही वाळा लावला आहे, मुलांना विचारून.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे टिळकवाडीत, शहापुरात बंगले आहेत, बाकीच्यांच्या बाल्कन्या. बंगलेवाल्यांना एकच विनंती, झाडलेला पाला पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत देऊ नका, आणि पेटवू तर नकाच. आंब्याखाली पसरून टाका. नीट दिसत नसेल तर वरून थोडी माती भुरभुरा. कंपोस्टचा खड्डा पावसाळ्यात उघडा ठेवू नका, त्याचा काढा होऊन गटारात जातो, वर पत्रा किंवा झावळ्या टाका. बाल्कनीतल्या कुंडीतही माती उघडी ठेवू नका, नारळाची शेंडी पसरली तरी चालेल.

बाहेर टेबलावर तवशाच्या बियांची पाकिटं ठेवली आहेत, एका घराला एक, आठ-आठ बिया आहेत. आता लावू नका. राखेत मिसळून बाटलीत ठेवा, पुढच्या वर्षी वळीव झाल्यावर मेच्या शेवटच्या आठवड्यात लावा. जवळपास दुसरी काकडी लावली तर बी भेसळीचं होईल, तेवढं जपा. एक फळ वेलावरच पूर्ण पिकू द्या, गर दोन दिवस आंबवून बी धुवा, सावलीत वाळवा. त्यातल्या आठ बिया पुढच्या गणपतीनंतर आम्हाला परत हव्यात. उंदीर आमच्याकडेही आहेत.

आरतीची वेळ झाली आहे आणि मागं टाळ वाजू लागले आहेत. थांबतो.